‘भेसळ आहे म्हणे’ असं कुणी म्हटलं की काय करायचं

दूध संस्थेच्या सेक्रेटरीला दोन्ही बाजूंनी बोलणी खावी लागतात. सकाळी दूध घालायला आलेला म्हणतो, “माझ्या म्हशीचं फॅट एवढं कमी लागायचंच न्हाई, तुमच्या मशिनीतच काय तरी हाय.” आणि बेळगावच्या शहापुरात दिलेली त्याचीच लेक संध्याकाळी फोन करून विचारते, “मामा, पिशवीच्या दुधात पावडर घालतात म्हणे, खरं काय?” बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला टेकलेल्या गावात मी बरीच वर्षं हे काम केलं. आता निवृत्त झालोय, पण भेसळीचा व्हिडिओ कुणाच्या मोबाईलवर आला की तो माणूस मोबाईल घेऊन माझ्या कट्ट्यावर हजर.

तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो. एखादा पदार्थ चांगला की वाईट हे कट्ट्यावर बसून मला सांगता येत नाही, व्हिडिओवाल्यालाही येत नाही. पण बातमी कुठली, तिच्या मागे तपासणी आहे का, आणि जाब कुणाला विचारायचा, हे कुणालाही शोधता येतं. ते कसं, एवढंच इथे सांगतो.

बातमी कुठल्या बाजूची ते आधी बघा

आपण राहतो कर्नाटकात आणि बातम्या बघतो मुंबई-पुण्याच्या. दिवाळीच्या तोंडावर ‘एफडीएची धाड, इतका किलो खवा जप्त’ असं टीव्हीवर आलं की इकडे बेळगावच्या गणपत गल्लीत कुंदा, म्हणजे खव्याची मिठाई, घेणाराही दोनदा विचार करतो. ती धाड कुठल्या गावातली, कुठल्या मालाची, हे कुणी बघत नाही. उलटंही होतं. इथल्या सरकारने एखादी बंदी घातली तर ती कन्नड पेपरात येते आणि मराठी घरापर्यंत पोचेतोवर निम्मी झालेली असते, नाहीतर दुप्पट.

कायदा सगळ्या देशाला एकच, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६. त्याची खरी अंमलबजावणी सुरू झाली ५ ऑगस्ट २०११ पासून. पण तो राबवणारं ऑफिस राज्याप्रमाणे बदलतं. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, म्हणजेच एफडीए. आपल्याकडे कर्नाटक सरकारचे अन्न सुरक्षा अधिकारी, आणि त्यांच्यावर जिल्ह्याला एक अंकित अधिकारी. हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीतल्या दुकानात घेतलेल्या तेलाची तक्रार बेळगावात चालणार नाही, आणि अलीकडच्या, कर्नाटकातल्या बाचीतल्या दुकानाची चंदगडला चालणार नाही. मधे अंतर किती ते आपल्या लोकांना सांगायला नको. त्यामुळे माल कुठे तयार झाला यापेक्षा तो तुम्ही कुठे विकत घेतला हे आधी लिहून ठेवा. कोल्हापूरकडचं दूध बेळगावात विकत घेतलं असेल तर नमुना घ्यायचा अधिकार बेळगावच्या अधिकाऱ्याला आहे. “ते महाराष्ट्राचं आहे” असं सांगून कुणी हात झटकायला लागलं तर ऐकून घेऊ नका.

पाकिटावर चौदा आकडी नंबर असतो, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या खुणेशेजारी. तो थोडा वाचता येतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या धंद्याचं नुसतं रजिस्ट्रेशन. पुढचे दोन आकडे राज्याचे: १२ म्हणजे कर्नाटक, १५ म्हणजे महाराष्ट्र, आणि ०० असेल तर परवाना केंद्राचा. त्यानंतरचे दोन आकडे वर्षाचे. म्हणजे नंबर ११२१९ ने सुरू होत असेल तर तो कर्नाटकातला २०१९ सालचा परवाना. फॉसकॉस नावाच्या सरकारी संकेतस्थळावर हा नंबर घातला की नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की संपलाय ते दिसतं. पाकिटावर नाव एकाचं आणि तिथे भलत्याचंच निघालं, तर तक्रारीला तेवढं पुरेसं आहे.

मात्र हा नंबर म्हणजे शुद्धतेचा दाखला नव्हे. रजिस्ट्रेशन मिळालं म्हणून कुणी येऊन ती भटारखान्याची खोली बघून गेलं असेलच असं नाही. नंबरवरून एवढंच कळतं की काही झालं तर माणूस सापडेल. ज्याच्याकडे नंबरच नाही तो सापडणारही नाही.

दुधाची भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

दूध माझा विषय, म्हणून इथे थोडा लांबतो.

‘दुधातल्या भेसळीमुळे २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर होणार, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय’ हा मेसेज तुम्हीही वाचला असेल, बहुतेक पुढेही ढकलला असेल. असा कुठलाही इशारा त्या संघटनेने दिलेला नाही, हे सरकारने जाहीरपणे सांगितलं आहे. २०२५ उलटून गेलं तरी मेसेज फिरतोच आहे.

त्याच्या समोर हे ठेवा. २०१८ मध्ये एफएसएसएआयने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने उचलले. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड असल्या गोष्टींची भेसळ निघाली १२ नमुन्यांत. आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ नावाचं विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं ते जवळजवळ पावणेसहा टक्के नमुन्यांत. हे विष कुणी मुद्दाम घालत नाही. जनावराच्या खाण्यात बुरशी लागलेली पेंड, ओलसर मका, भिजलेला भरडा गेला की ते दुधात उतरतं. दूध उकळलं तरी जात नाही. आपल्या पश्चिम भागात पावसाळ्यात पेंडीचं पोतं भिंतीला टेकवून ठेवलं की आठ-पंधरा दिवसांत त्याला वास यायला लागतो, आणि “जनावराला काय होतंय” म्हणून तेच घमेल्यात पडतं. लोक डिटर्जंटच्या व्हिडिओला घाबरतात, पोत्याला कुणी घाबरत नाही. पोतं फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवायचं आणि काळी-हिरवी बुरशी दिसली की फेकायचं. माझ्या लेखी दुधाच्या सुरक्षेसाठी घरात करण्यासारखं सगळ्यात मोठं काम हेच.

आता पावडरीचं. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के आणि एसएनएफ, म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात उरतं ते, साडेआठ टक्के बसावं लागतं. फुल क्रीममध्ये ६ आणि ९. उन्हाळ्यात दूध आटतं तेव्हा डेअरी स्किम मिल्क पावडर वापरून एसएनएफ बसवते. ती भेसळ नाही, कायद्यात बसतं ते. चवीला आवडत नसेल तर घेऊ नका, पण ‘विष’ म्हणू नका.

रतिबाच्या दुधाचं उलटं. “गवळी ओळखीचा आहे” म्हणून डोळे मिटून घेणारे बरेच. ओळखीचा गवळी वाईट असतो असं नाही, पण त्याचं दूध कधी कुणी तपासलेलं नसतं. घरात लॅक्टोमीटर आणून ठेवणारेही पाहिलेत. तो एकटा कामाचा नाही. पाणी घातलं की लॅक्टोमीटरचा आकडा उतरतो, त्यात साखर किंवा मीठ टाकलं की परत चढतो, आणि हे ज्याला करायचं त्याला नीट माहीत असतं. म्हणून संस्थेत फॅट, एसएनएफ, चव, वास असं सगळं मिळून बघतात आणि पुढे डेअरीत आणखी चाचण्या होतात. शंका असेल तर सरळ गवळ्याला म्हणा, “संस्थेत एकदा फॅट लावून बघूया, चला.” जो येतो त्याच्याकडून घ्या.

तरंगणारा तांदूळ

रेशनच्या आणि शाळेच्या तांदळात ‘प्लास्टिक’ सापडल्याची बोंब आमच्याकडेही झाली. बाया तांदूळ धुताना पातेलं घेऊनच आल्या. “हे बघा की हो सेक्रेटरी, वर तरंगालाय!” काही दाणे खरंच वर आलेले, थोडे पिवळट, बाकीच्यांपेक्षा वेगळे.

ते पोषक दाणे होते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकाराचे काढतात आणि शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात घालतात. रेशनसाठी देशभर ही योजना २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने पोचवली गेली. हे दाणे पिठाचे, म्हणून हलके. भाताचा गोळा करून आपटला की उसळतो म्हणून प्लास्टिक, असंही व्हिडिओत दाखवतात. कुठलाही चिकट भात उसळतो, त्यात स्टार्च आहे.

सरकारने चूक काही केलेली नव्हती, पण सांगितलंही नव्हतं. पोत्यावर इंग्रजी, दुकानातल्या कागदावर कन्नड, आणि धुणारीला वाचता येतं मराठी. तिने तांदूळ निवडून कोंबड्यांना टाकला यात तिचं काय चुकलं? म्हणून अशा वेळी करायचं एवढंच: ओंजळभर तांदूळ पिशवीत घालून रेशन दुकानदाराला किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांना पोत्यावरचं लेबल दाखवायला सांगा. लेबलवर पोषणयुक्त तांदळाची ‘+एफ’ अशी खूण असते. मोबाईलवर फोटो काढा आणि ज्या ग्रुपवर तरंगणारा तांदूळ फिरतोय त्याच ग्रुपवर तो टाका. लेबल दाखवायला कुणी तयार नसेल, किंवा त्यावर काहीच नसेल, तर पुढे सांगतो तशी तक्रार करा.

घरात काय तपासता येतं, काय येत नाही

मेडिकलमधून टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणा. खवा चिमूटभर घेऊन पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या, दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर त्यात पीठ किंवा स्टार्च आहे. खव्याचीच परीक्षा करा, तयार कुंद्याची नको, कारण काही घरांत कुंद्यात रवा घालतातच आणि मग बिचाऱ्या हलवायाच्या नावाने शिमगा. दुधातला स्टार्चही असाच सापडतो. तपासलेला नमुना फेकून द्या, आयोडीन पोटात जाता कामा नये.

मिरचीची पूड आपल्याकडे बहुतेक घरात कांडूनच आणतात, संकेश्वरी आणि ब्याडगी मिसळून. विकतची असेल तर ग्लासभर पाण्यावर चिमूटभर सोडा. रंगाच्या लाल रेघा पाण्यात उतरायला लागल्या तर पाण्यात विरघळणारा रंग मारलाय. मिरचीचा स्वतःचा रंग तेलात उतरतो, पाण्यात असा धावत नाही. पण सुदान नावाचा बंदी असलेला रंगही तेलातच विरघळतो, म्हणजे तो या परीक्षेत सापडायचा नाही. पाणी स्वच्छ राहिलं म्हणजे पूड शुद्ध, असं समजू नका. तळाशी बसलेला गाळ बोटावर चोळा, कचकच लागली तर वाळू किंवा विटेची भुकटी.

मिरी पाण्यात टाका, पपईच्या बिया वर तरंगतात. मध पाण्यात तळाला गेला म्हणजे अस्सल, हे मात्र विसरा. खानापूरच्या रस्त्यावर बादली घेऊन बसलेले हेच करून दाखवतात. साखरेचा घट्ट पाकही तसाच तळाला जातो.

आणि फवारणीच्या औषधांचा अंश, अफ्लाटॉक्सिन, शिसं, रोगजंतू यातलं काहीही घरी कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. बेळगावात सरकारची विभागीय अन्न प्रयोगशाळा आहे.

रंग आपल्यालाच हवा असतो

११ मार्च २०२४ ला कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियन आणि बुड्ढी के बाल, म्हणजे कॉटन कँडी, यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. त्याआधी नमुने घेतले होते: गोबीच्या १७१ पैकी १०७ असुरक्षित निघाले, कॉटन कँडीच्या २५ पैकी १५. कॉटन कँडीत रोडामाइन-बी सापडला. तो कापड-कागदाचा रंग, खाण्यात कुठेच चालत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये कबाबातल्या कृत्रिम रंगावरही बंदी आली. तिथे सापडलेले सनसेट यलो आणि कार्मोइसिन हे रंग मिठाईसारख्या काही पदार्थांत ठरावीक मापात चालतात, कबाबात चालत नाहीत. म्हणजे गाडेवाला तुम्हाला रंगाची डबी दाखवून “हे सरकारमान्य आहे” म्हणाला तर तो खोटं बोलत नसेलही. रंग मान्य आहे, गोबीत मान्य नाही.

बंदीनंतर आमच्या ओळखीच्या एका गाडेवाल्याने रंग सोडला. गोबी तपकिरी दिसायला लागली आणि पोरं शेजारच्या गाड्यावर जायला लागली. गुळाचंही तेच. पिवळाधमक गूळ बाजारात आधी उचलला जातो म्हणून गुऱ्हाळात हायड्रोस, म्हणजे रंग उजळवणारी रासायनिक पावडर, पडते. काळपट गूळ घेऊन बसलेल्याला कमी भाव. गुळाचा रंग उसाच्या जातीवर आणि जमिनीवरही ठरतो, त्यामुळे पिवळा दिसला की चोर म्हणता येत नाही. पण जो पिवळ्याचाच हट्ट धरतो त्याने गुऱ्हाळवाल्याच्या नावाने फार ओरडू नये असं माझं मत आहे.

‘नमुना फेल’ म्हणजे नक्की काय

पेपरात ‘इतके नमुने फेल’ एवढंच येतं. कायद्यात त्याचे प्रकार आहेत आणि ते माहीत नसले की माणूस एकतर उगाच घाबरतो नाहीतर उगाच निवांत राहतो.

कमी दर्जाचा म्हणजे ठरलेल्या मापात न बसलेला. गाईच्या दुधात एसएनएफ ८.३ हवं आणि ८.१ लागलं, तर नमुना कमी दर्जाचा. पाणी घातलं असेल, किंवा गाय आजारी, वैरण कमी. पोटाला अपाय नाही, खिशाला आहे. दंड पाच लाखांपर्यंत. दुसरा प्रकार चुकीच्या लेबलाचा: तारीख नाही, घटक लपवलेले, खोटा दावा. दंड तीन लाखांपर्यंत. तिसरा असुरक्षित, आणि खरा फौजदारी गुन्हा तो. त्यात तुरुंग आहे. माणूस दगावला तर कमीत कमी सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत.

म्हणून फेल झाल्याची बातमी आली की पहिला प्रश्न, यातला कुठला प्रकार? दुसरा, नमुने कसे उचलले? संशय असलेल्या दुकानांतूनच घेतले असतील तर फेलचं प्रमाण जास्त निघणारच, त्यावरून सगळ्या गावाचा हिशोब करता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यात २५१ ठिकाणं बघितली, त्यातल्या ५२ ठिकाणी इडली प्लास्टिकच्या कागदावर उकडत होते, आणि मग त्यावर बंदी आली. यातून ‘इडली खाऊ नका’ असं निघत नाही. हॉटेलात शिरून “साचात कापड घालता की प्लास्टिक?” एवढं विचारायचं, असं निघतं.

तक्रार करायची तर

बिल घ्या. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर तो चौदा आकडी नंबर छापणं सक्तीचं आहे. पाकीट फाडून टाकू नका. बॅच नंबर आणि तारीख दिसेल असा फोटो काढा. उरलेला पदार्थ त्याच पाकिटात बांधून फ्रिजमध्ये ठेवा. त्याच बॅचचं दुसरं बंद पाकीट मिळालं तर घेऊन ठेवा, फोडू नका, कारण फोडलेल्या पाकिटाबद्दल “तुमच्याच घरात पडलं असेल” हे उत्तर तयार असतं. सुट्या मिठाईपुढे ‘या तारखेपर्यंत खावी’ अशी पाटी १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची आहे. ती नसेल तर तिचाही फोटो काढा.

मग एफएसएसएआयचा टोल फ्री नंबर १८००-११-२१००, किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ हे ॲप. ॲपवरची तक्रार नंबरासकट राहते, म्हणून मला ते बरं वाटतं. पोरांकडून भरून घ्या. पैसे परत हवे असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. कागदी अर्ज करणार असाल तर मराठीत द्यायला लाजू नका. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाणं मांडायला संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. तरी माझा सल्ला व्यवहाराचा: मराठी अर्ज, त्याला कन्नड प्रत जोडलेली. भाषेवरून भांडण झालं की नमुना बाजूला राहतो. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

नमुना अधिकाऱ्याने घेतला तर त्याचे चार भाग होतात. एक प्रयोगशाळेत जातो, दोन अंकित अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात, आणि चौथा, विकणाऱ्याने मागितलं तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल पटला नाही तर अपील आहे. म्हणून आज नमुना नेला आणि उद्या दुकान बंद झालं नाही, तर लगेच “पैसे खाल्ले” म्हणू नका. चौदा दिवस जाऊ द्या, मग विचारा. महिना उलटूनही उत्तर नाही, तेव्हा बोला.

फारच थोड्यांना ठाऊक असलेलं एक कलम आहे, चाळिसावं. तुम्ही स्वतः ग्राहक म्हणून पदार्थ फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकता. अट एकच, घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. दोष निघाला तर फी परत मिळते. नुसतं एवढं सांगितल्यावर दुकानदाराने “थांबा हं, आतला माल देतो” म्हटल्याचं मी पाहिलंय. तेव्हा शक्यतो चार माणसांसमोर सांगा आणि समोर ठेवलेलाच माल घ्या.

यात्रेच्या जेवणाचं वेगळं. लक्ष्मी यात्रेला घरोघरी पाहुणे, भात सकाळी शिजवलेला, दुपारी तीनला वाढलेला. भेसळीने नव्हे, अशा भाताने आणि टँकरच्या पाण्याने माणसं लवकर आजारी पडतात. गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवा नाहीतर थोडं थोडं शिजवा. भात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला की मधे तासन्‌तास कोमट राहतो. चार घरांत एकदम उलट्या-जुलाब सुरू झाले तर पहिला फोन आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला. उरलेलं जेवण शरमेने गटारात ओतू नका, डबाभर काढून ठेवा. तेच नसेल तर कारण कधी कळत नाही आणि दोष ज्याच्याशी भावकीचं भांडण आहे त्याच्यावर जातो.

विकणाऱ्यांसाठी दोन शब्द

संस्थेत माझ्यावर विश्वास कधी बसला विचाराल तर, मशीनचा आकडा दिसणारी पाटी खिडकीतून बाहेर वळवली तेव्हा. आधी मी आकडा वाचून सांगायचो, लोक ऐकायचे आणि मनात शिव्या द्यायचे. मग पावती सुरू केली, त्यावर फॅट, एसएनएफ, लिटर, दर. ज्याला पटत नाही त्याचं दूध त्याच्यासमोर पुन्हा लावायचं, हाही नियम केला. पहिल्या महिन्यात रांग लागली, पुढे कुणी फारसं मागेना. पाणी घालणारे दोघं-तिघं मात्र शेजारच्या संस्थेत गेले.

हॉटेलवाल्यांनो, मिठाईवाल्यांनो, ‘शुद्ध तुपातील’ अशी पाटी पाचपट मोठी करण्यापेक्षा तुपाचा डबा गिऱ्हाईकाला दिसेल असा ठेवा. तळणीचं तेल कधी बदललं ते खडूने लिहा. एखादा नमुना फेल झाला तर गिऱ्हाईकाला पेपरातून कळण्याआधी तुम्ही सांगा: कुठली बॅच, किती विकली, किती परत घेतली. अधिकाऱ्यांनाही हेच म्हणणं आहे. ‘नागरिकांनी घाबरू नये’ या वाक्याने आजवर कुणी घाबरायचं थांबलेलं नाही. काय तपासलं, काय निघालं, काय अजून कळलेलं नाही, हे कन्नडसोबत मराठीतही लावा. सीमाभागात तेवढ्यानेच निम्म्या अफवा बसतील.

आणि सरकार काही करतं का, हे विचारायचं असेल तर

कट्ट्यावर ‘सगळे मिळालेले आहेत’ म्हणणं सोपं. माहितीच्या हक्काचा अर्ज दहा रुपयांत होतो. कर्नाटकात अर्जाला एक अट आहे: विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. त्यामुळे गाऱ्हाणी लिहू नका, प्रश्न लिहा. अर्ज माहिती अधिकारी, जिल्हा अंकित अधिकारी यांचं कार्यालय, बेळगावी या नावाने. मजकूर साधारण असा:

‘मागील आर्थिक वर्षात आमच्या तालुक्यात अन्नपदार्थांचे किती नमुने घेतले? त्यांतील किती कमी दर्जाचे, किती चुकीच्या लेबलाचे व किती असुरक्षित ठरले? प्रत्येक प्रकारात किती प्रकरणे दाखल झाली, किती निकाली निघाली व किती दंड वसूल झाला? पदार्थनिहाय यादीची प्रत द्यावी.’

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं तर बहुधा कन्नडमध्ये असेल. हायस्कूलच्या कन्नडच्या मास्तरांकडून वाचून घ्या आणि आकडे मराठीत उतरवून संस्थेच्या फळ्यावर लावा. नमुन्यांचा आकडा शून्य आला तर तो अर्ज पुढच्या ग्रामसभेत वाचा. उत्तरच आलं नाही, तर मुदत संपल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा, सोबत पहिल्या अर्जाची पोच जोडून.